गॅरेजमध्ये पाणी साचतंय? आधी ते कुठून येतंय ते शोधा

जमिनीवर पाणी दिसलं की बहुतेक जण थेट वॉटरप्रूफिंगचा डबा आणतात. कृपया थोडं थांबा. पाण्याची वाट कळण्याआधी केलेला खर्च बहुतेक वेळा वाया जातो.

पाण्यात पाय घालण्याआधी गॅरेजची वीज बंद करा. स्विचपर्यंत पाण्यातूनच जावं लागणार असेल तर जाऊ नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. पेट्रोल-डिझेलवर चालणारा पंप आत लावू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि दार उघडं ठेवलं तरी धोका टळत नाही.

आता डबक्याच्या कडेने खडूने रेघ मारा आणि फोटो काढा. ही खूण पुढे फार कामाला येते. मग वायपरने पाणी दाराबाहेर ओढा. तेलाचा तवंग असेल तर तो आधी फडक्याने टिपून घ्या, गटारात जाऊ देऊ नका.

जमीन कोरडी झाली की तपास सुरू करा. फक्त पावसातच आणि दाराजवळच ओलं होत असेल तर पाणी दाराखालून येतंय. अशा वेळी दाराची रबरी पट्टी बदला. अंगणाचा उतार गॅरेजकडे असेल तर दारासमोर जाळीची आडवी पन्हळ करून घ्या. नुसत्या पट्टीने भागणार नाही.

पाऊस नसतानाही ओल येत असेल तर साधारण ४५ सेंटीमीटर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि किमान १६ तास तसाच ठेवा. खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा काँक्रीट काळसर पडलं, तर ओल जमिनीखालून येतेय. फक्त वरची बाजू ओली असेल तर तो हवेतला दमटपणा. वारा खेळता ठेवा.

गाडीवरून निथळलेलं पाणी नेहमी एकाच जागी थांबत असेल तर तिथे खळगा आहे. जमिनीला दाराकडे दर मीटरला किमान १ सेंटीमीटर उतार हवा. खडूच्या रेघेवर ग्राइंडरने काही मिलिमीटर खोल खाच मारा, आतला भाग खरवडा, तेल-धूळ पूर्ण काढा आणि पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा दुरुस्ती मसाला) भरून सरळ पट्टीने ओढा. खाच टाळू नका. कडेला मॉर्टरचा थर कागदासारखा पातळ राहिला की गाडीच्या चाकाखाली तोच आधी सुटतो. मॉर्टर पूर्ण पक्कं झाल्यावर बादलीभर पाणी ओतून बघा.

ओल खालून येत असेल तर वरून साधा इपॉक्सी रंग देऊ नका, त्याला फोड येतात. छपराच्या पाण्याचा पाइप भिंतीपासून लांब न्या आणि बाहेरच्या मातीचा उतार भिंतीपासून दूर जाईल असा करा. एवढं करूनही ओल राहिली, तर फरशी फोडण्याआधी सिव्हिल इंजिनिअरला दाखवा.