वनहक्क दाव्यासाठी उपग्रह चित्र पाहताना महिना बघा

जंगलातली जमीन पूर्वीपासून कसणाऱ्यांना तिच्यावर हक्क देणाऱ्या वनहक्क कायद्यात 13 डिसेंबर 2005 ही तारीख कळीची आहे. त्याआधीपासून जमीन कसत होतो, हे दाखवण्यासाठी जुनं उपग्रह चित्र कामी येतं, पण चुकीच्या महिन्याचं चित्र दाव्याच्याच मुळावर येतं. नंदुरबार-गडचिरोलीकडचा साग फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडतो, मग उभं जंगलही उजाड दिसतं. उलट पावसाळ्यात नाचणी-वरईचं शेत आणि रान, दोन्ही हिरवंगार. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरची चित्रं घ्या: पीक निघालेलं, सागाला पानं अजून बऱ्यापैकी. तुलना करतानाही वर्ष बदला, महिना तोच ठेवा.

2005 साठी लँडसॅट 5 या अमेरिकी उपग्रहाची चित्रं मोफत मिळतात. लँडसॅट 7 ची मात्र टाळा, मे 2003 च्या बिघाडानंतर त्यांत रिकामे पट्टे येतात. गूगल अर्थ प्रोमध्येही घड्याळाच्या चिन्हावर जुनी चित्रं उघडतात.

आता खरी मेख. लँडसॅटचा एक ठिपका म्हणजे 30 गुणिले 30 मीटर, जवळपास 9 गुंठे. उतारावरची पाच गुंठ्यांची पट्टी, तीत राखलेली मोहाची दोन झाडं, म्हणजे तो ठिपका जंगलाच्याच रंगाचा. ‘चित्रात शेत दिसत नाही’ एवढ्यावर दावा फेटाळला, तर गप्प बसू नका. 2012 च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे की उपग्रह चित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा ते घेऊ शकत नाही. जुना बांध, विहीर, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब हे सगळं चित्रासोबत जोडा.