शिरक्याचं पिंप: तोटी आधी तपासा

बोंडूचा (काजूच्या फळाचा) रस आंबवून शिरका म्हणजे व्हिनेगर करायचा तर पिंप कशाचं घ्यावं, हे दुकानात पाच मिनिटांत ठरतं. घोळ होतो तो तोटीत, नटात आणि गाळणीच्या जाळीत. रस मुळात आंबट. तो कित्येक आठवडे त्याच भांड्यात राहतो आणि शेवटी त्यात चार-पाच टक्के अ‍ॅसिटिक आम्ल तयार होतं. अर्धा तास उकळायला चालणारा अ‍ॅल्युमिनियमचा टोप इथे चालत नाही. (वाइन-बिअर करायची असेल तर महाराष्ट्रात आधी परवाना लागतो. हे टिपण शिरक्यापुरतं.)

पिंप ३०४ स्टीलचं घ्या. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियमचा न दिसणारा पापुद्रा पत्र्याला आम्लापासून वाचवतो. बाजारात नुसतं ‘स्टील’ म्हणून २०२ सर्रास मिळतं. त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त, आणि आम्ल-मिठापुढे ते लवकर हार खातं. ‘चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४’ असं समजून लोहचुंबक खिशात घेऊन जाणारे इथेच फसतात, कारण २०२ लाही चुंबक चिकटत नाही. उलट दाबून घडवलेल्या काठाशी अस्सल ३०४ सुद्धा चुंबक थोडा धरतं. त्यापेक्षा २०२ आणि ३०४ मधला फरक दाखवणाऱ्या तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकून पाहा, किंवा बिलावर ‘३०४’ लिहून घ्या. लिहून द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला की समजून जा.

कोकमाच्या आगळाची गोष्ट वेगळी. तिथे आंबटपणाबरोबर मीठही भरपूर, आणि मिठातलं क्लोराइड तो पापुद्रा टाचणीच्या टोकाएवढ्या जागी फोडून खोल खड्डे पाडतं. ३१६ नंबरच्या स्टीलमध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे ते जास्त टिकतं, पण खर्चही वाढतो. आगळाला चिनी मातीची बरणी किंवा काच. तिथे धातूच नको.

तांबं आणि पितळ आंबटात विरघळतं, मळमळ-उलट्या होतात. कल्हईचा भरवसा नाही. ती झिजते, आणि कथलात शिसं मिसळलेलं असलं तर आपल्याला कळतही नाही. जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) बादलीतलं जस्त रसात उतरतं. लोखंडाचा दोष मात्र लगेच दिसतो: बोंडूतलं तुरट टॅनिन लोखंडाला लागलं की रस काळपट पडतो. म्हणून बोंडू लोखंडी विळीवर न चिरता स्टीलच्या सुरीने चिरा.

आता तोटी. चकचकीत नळ बहुतेक वेळा क्रोमचा मुलामा दिलेलं पितळ असतं, आणि पितळ सहज कातलं जावं म्हणून त्यात शिसं घालतात. आतल्या आट्यांवर मुलामा नसतोच. अर्ध्या इंची, ३०४ चा बॉल वॉल्व्ह घ्या. त्याला सुमारे २१ मिमीचं भोक लागतं. ते तळापासून चार-पाच सेंटीमीटर वर पाडा, म्हणजे गाळ खाली राहील. ड्रिल हळू फिरवा, टोकाला खोबरेल लावत राहा. घाई केली तर टोक न कापता नुसतं घासतं, पत्रा कडक होतो आणि ड्रिल नुसतं घसरतं. आतून सिलिकॉनचा वायसर, बाहेरून स्टीलचाच नट, आट्यांवर टेफ्लॉन टेप. वेल्डिंग शक्यतो नकोच. केलंत तर निळा-तपकिरी डाग पूर्ण घासून काढा, कारण गंज तिथूनच सुरू होतो. घासायला लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि चार दिवसांनी ‘स्टील गंजलं’ अशी तक्रार होते.

भोक पाडून झालं की पिंप धुवा. लिटरभर कोमट पाण्यात ६० ग्रॅम सायट्रिक आम्ल (लिंबूसत्त्व) विरघळवून कापलेल्या कडांना अर्धा तास लावून ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. त्यानंतर थोडा तयार शिरका पिंपात तोटीच्या वर येईल इतका ओतून रात्रभर ठेवा. सकाळी तोटीतून काढलेला शिरका हिरवट-निळसर दिसला तर कुठेतरी तांबं किंवा पितळ आहे. लोखंडाची शंका असेल तर काढलेल्या शिरक्यात थोडा कडक कोरा चहा घाला, त्यातही टॅनिन असतं. तो काळा-जांभळा झाला तर जाळी आणि नट पुन्हा तपासा.

धुण्यासाठी गरम पाणी आणि धुण्याचा सोडा पुरे. ब्लीच कधीही नको, त्यातही क्लोराइडच. समुद्राकाठच्या घरात पडवीत ठेवलेल्या पिंपावर खारी हवा बसून बाहेरून तपकिरी ठिपके येतात. आठवड्याला ओल्या फडक्याने पुसलं की ते धरत नाहीत.