घर दहा वर्षांनीही 'जुन्या फॅशनचं' वाटू नये म्हणून काय करायचं

इंटिरियरचे जुने फोटो चाळले की कुठलं घर कुठल्या काळात सजवलंय ते लगेच कळतं. १९७० च्या दशकातले ते अ‍ॅव्होकाडो हिरवे फ्रिज आठवा, किंवा २०१० नंतरची करड्या रंगाची लाट, म्हणजे भिंती करड्या, फरशी करडी, सोफाही करडा आणि वर पडदे पण करडेच. आणि करडा तर लोकांनी 'सेफ' म्हणूनच घेतला होता! त्यामुळे नुसते फिके रंग घेतले म्हणजे घर टाइमलेस झालं असं काही नसतं. एकाच वेळी, एकाच ट्रेंडमधून सगळं घर उचललं की त्या वर्षाचा शिक्का बसतोच, मग रंग कुठला का असेना.

म्हणून मी एकच गोष्ट आधी बघते, ही वस्तू उद्या नको झाली तर काढायला किती तोडफोड लागेल? फरशी, बाथरूमच्या टाइल्स, किचनचा ओटा, भिंतीतली कपाटं हे काढायचं म्हणजे धूळ, आवाज, मिस्त्री, महिनाभर डोक्याला ताप. तर हे सगळं साधं ठेवा, अगदी बोअरिंग वाटलं तरी चालेल. सोफा, डायनिंग टेबल मधल्या गटात. आणि कुशन कव्हर, पडदे, लॅम्पशेड, फारतर एखादी भिंत, जे एका दुपारीत बदलता येतं, तिथे काय हौस करायचीय ती करा, या वर्षीचा जो काही रंग गाजतोय तो तिथे खुशाल आणा. लोक नेमकं उलटं करतात, टाइल्स भडक डिझाइनच्या आणि कुशन बेज.

टाइल्सचंच घ्या. न्यूयॉर्कची सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे, १९०४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या स्टेशनांच्या भिंतींना साध्या पांढऱ्या आयताकृती टाइल्स लावल्या होत्या, तीन बाय सहा इंचाच्या, आणि तीच टाइल आजही नव्या किचनमध्ये लागते. मात्र त्यात काळं ग्राउट (टाइल्समधल्या फटी बुजवायचा मसाला) भरलं की ती लगेच एका ठरावीक काळातली दिसते. ग्राउट टाइलच्याच शेडचं किंवा जेमतेम गडद घ्या, म्हणजे भिंतीवर वहीच्या चौकटी दिसत नाहीत.

रंग निवडताना शेडकार्डवरच्या त्या नखाएवढ्या तुकड्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, वाळू द्या, आणि तो पुठ्ठा खोलीत फिरवा, सकाळी खिडकीजवळ, संध्याकाळी कोपऱ्यात, रात्री दिवा लावून. ऑफव्हाइट वाटणाऱ्या रंगात आत कुठेतरी गुलाबी, हिरवट, पिवळट झाक लपलेली असते आणि ती नुसतं बघून कळत नाही, शेजारी साधा पांढरा कागद धरला की लगेच उघडी पडते. फरशीत पिवळट झाक आणि भिंतीत निळसर अशी जोडी झाली तर खोली कायम काहीतरी बिनसल्यासारखी वाटत राहते आणि कारण काही केल्या सापडत नाही.

लाइटकडे लोक सगळ्यात शेवटी बघतात. बसायच्या आणि झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचे बल्ब लावा (केल्विन म्हणजे उजेड पिवळसर की निळसर ते सांगणारा आकडा), म्हणजे वॉर्म व्हाइट, आणि एका खोलीतले सगळे बल्ब एकाच केल्विनचे ठेवा, एक पिवळा एक निळसर असं नको. बॉक्सवर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिलेला असतो, तो ९० च्या पुढचा मिळाला तर घ्या, लाकूड, कापड आणि माणसांचे चेहरे सगळंच बरं दिसतं. छताला एकच ढणढणीत लाइट लावण्यापेक्षा एक उभा लॅम्प, एक टेबलावर, एक भिंतीवर अशी विभागणी करा. फॉल्स सीलिंगमध्ये थर, लाटा, गोल कटआउट आणि त्यात रंग बदलणारी एलइडी पट्टी, हे माझ्या मते घराचं वय सांगणारं सगळ्यात मोठं साधन आहे. छत सपाटच राहू द्या.

फर्निचर घेताना आकार गरजेतून आलाय का शोभेसाठी चिकटवलाय ते बघा. थोनेट या फर्निचर कंपनीची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची, वाफेवर वाकवलेलं लाकूड, एकूण सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, बास. ती अजूनही बनते आणि अजूनही कुठल्याही टेबलाशी शोभते, कारण तिच्यात कमी करण्यासारखं काही उरलेलंच नाही. सगळा सेट एकाच डिझाइनचा घ्यायची पण गरज नाही, टेबल एक आणि खुर्च्या दुसऱ्या अशा असल्या तर उलट बरं, एखादी मोडली तरी अडत नाही.

मटेरियलमध्ये एवढंच बघा की जुनं झाल्यावर ते कसं दिसेल. भरीव लाकडाला ओरखडा पडला तर घासून पॉलिश करता येतं, पितळ काळवंडतं पण छान काळवंडतं, लिनन धुऊन धुऊन मऊ होतं. याउलट लाकडाची नक्कल करणारं लॅमिनेट जवळून बघा, तीच गाठ थोड्या अंतराने पुन्हा छापलेली सापडेल, आणि ड्रॉवरच्या कोपऱ्याला एज बँडिंगची, म्हणजे कडेला चिकटवलेली, पट्टी सुटली की आतला भुसा दिसायला लागतो. लॅमिनेट वाईट असतं असं नाही हां, बजेटमध्ये तेच बसत असेल तर सरळ एकरंगी मॅट घ्या, ते लाकूड असल्याचा आव आणत नाही म्हणून जास्त टिकतं नजरेत.

मापं चुकली तर मात्र महागातलं सामानही वाया जातं. सोफा आणि सेंटर टेबलमध्ये ४० ते ४५ सेंटीमीटर, ये-जा करायला निदान ७५ ते ९० मोकळे. भिंतीवरच्या चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर, लोक नेहमी फार वर टांगतात. पडद्याचा रॉड खिडकीच्या वर १०-१५ सेंटीमीटर आणि पडदा थेट फरशीपर्यंत, मधेच लोंबकळणारा नको. गालिचा एवढा मोठा हवा की सोफ्याचे निदान पुढचे पाय त्यावर येतील. सोफा घ्यायच्या आधी फरशीवर मास्किंग टेपने त्याचा आकार आखा आणि आठवडाभर त्याच्या भोवतीनं वावरा, अडखळायला झालं तर लहान घ्या.

आणि कपाटांची हँडल्स. हे छोटं वाटतं पण सगळ्यात आधी जुनं तेच दिसतं, आणि बदलायला सगळ्यात स्वस्तही तेच. फक्त पहिल्यांदा बसवतानाच दोन भोकांमधलं अंतर स्टँडर्ड ठेवायला सुताराला सांगा, ९६ किंवा १२८ मिलिमीटर, म्हणजे पुढे कधी कंटाळा आला तर त्याच भोकांत दुसरी बसतात, नाहीतर जुनी भोकं बुजवा, रंग जुळवा, हा सगळा नसता उद्योग मागे लागतो.