अंडी फिरवायची कशासाठी? इन्क्युबेटर लावणाऱ्यांनी पांढऱ्याचा आणि बलकाचा हिशेब समजून घ्या

गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरीकडे आता घरोघरी छोटे इन्क्युबेटर (अंडी उबवायची मशीनं) आलेत आणि सगळ्यांची तक्रार एकच, शिरा दिसल्या, पिल्लू हललं पण, आणि विसाव्या दिवशी आतच मेलं. लोक लगेच अंड्याला नाहीतर मशीनला नावं ठेवतात. माझ्या मते निम्मा घोळ फिरवण्यात असतो, कारण अंडं कशाला फिरवतात हेच कोणी नीट सांगत नाही. "पिल्लू कवचाला चिकटतं" एवढंच सांगतात, ते खरंय पण अर्धंच.

आधी आत काय आहे ते बघा. पांढऱ्यात जवळजवळ ८८% पाणी आणि १०-११% प्रोटीन, त्यातलं निम्म्याहून जास्त एकटं ओव्हाल्ब्युमिन. बाकीच्यात राखणदार आहेत: ओव्होट्रान्सफेरिन लोह धरून ठेवतं म्हणजे जंतूंना ते मिळत नाही, लायसोझाइम जंतूंची भिंतच फोडतं (पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगला हे त्याच्याही आधी सर्दीच्या शेंबडात सापडलं होतं). म्हणजे सुरुवातीला पांढरा हा पहारा आणि पाण्याची टाकी, जेवण नंतर.

पहिल्या आठवड्यात गर्भ पांढऱ्यातलं पाणी ओढून घेतो, ते गर्भाखाली बलकाच्या वरच्या बाजूला साठतं, आणि उरलेला पांढरा घट्ट होत निमुळत्या टोकाकडे सरकतो. तिसरा ते सातवा दिवस या कामाचे, तेव्हा अंडं एका जागी पडून राहिलं तर हे पाणी कमी जमतं आणि पुढचं सगळंच लांबतं. मग साधारण बाराव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्याला गर्भाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीत वाट मिळते आणि पिल्लू तो चक्क तोंडाने पितं! थोडा आतड्यात पचतो, थोडा तिथून बलकाच्या पिशवीत जातो. अठराव्या दिवसापर्यंत पांढरा जवळजवळ संपलेला पाहिजे.

खुडूक कोंबडी चोचीने अंडी सारखी सरकवत असते ती याचसाठी. हाताने करणार असाल तर पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दिवसाला ३ किंवा ५ वेळा फिरवा, विषम आकडाच ठेवा म्हणजे रात्रभर रोज तीच बाजू वर राहत नाही. अठराव्या दिवशी फिरवणं बंद.

बलकाचं गणित वेगळं. बलकाची प्रोटीनं कोंबडीच्या लिव्हरमध्ये तयार होऊन रक्तातून अंडाशयात येतात, म्हणून नुसत्या उकड्या तांदळाच्या भातावर ठेवलेल्या कोंबडीची अंडी उबवायला घेऊ नका, तिला मासळीचा कुटा वगैरे मिळू दे. बलक पिल्लू पीत नाही, बलकाच्या पिशवीच्या पेशी तो थोडा थोडा आत घेऊन फोडतात आणि रक्तात सोडतात. ताकद मुख्यतः चरबीतून, प्रोटीन अंग बांधायला. आईच्या अँटिबॉडी पण याच वाटेने येतात, म्हणून कोंबडीला मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिलेली असली तर पिल्लालाही सुरुवातीला थोडं संरक्षण असतं.

आता आपल्याकडचा पाऊस. अंड्याचं वजन उबवताना १२-१४% उतरलं पाहिजे, म्हणजे ५० ग्रॅमचं गावठी अंडं ६-७ ग्रॅमने हलकं. जुलैत खोलीत २८ डिग्री आणि ९०% ओलावा असला तर तीच हवा ३७.५ डिग्रीला तापवल्यावर ओलावा सुमारे ५३% होतो, आणि पहिल्या १८ दिवसांना तेवढाच हवा असतो. तरी लोक पुस्तकात लिहिलंय म्हणून ट्रे भरभरून पाणी ओततात! पावसात ट्रे रिकामा ठेवा, ओलाव्याचा मीटर बघा, शेवटच्या तीन दिवसांत ६५-७०% वर न्या.

अठराव्या दिवशी अंधारात मोबाईलची टॉर्च आधी निमुळत्या टोकाला, मग रुंद बाजूला लावा. टोकाला पूर्ण काळोख आणि फक्त रुंद बाजूला हवेची पोकळी उजळ, तर पांढरा पिऊन झालाय. टोकाकडे अजून पिवळसर उजेड झिरपत असेल तर पांढरा उरलाय, आणि असं पिल्लू बाहेर आलंच तर बहुधा चिकट, ओलं, केस कवचाला गोंद लावल्यासारखे.

विसाव्याच्या आसपास बलकाची उरलेली पिशवी बेंबीतून पोटात ओढली जाते. त्यावर पिल्लू दोनेक दिवस काढू शकतं, तेव्हा बाहेर आल्याआल्या खाद्यासाठी घाई नको, अंग सुकू दे, मग पाणी आणि स्टार्टर (पिल्लांचं पहिलं खाद्य). मशीन सारखं उघडूही नका, ओलावा पडतो.

जी फुटलीच नाहीत ती फेकायच्या आधी रुंद बाजूने फोडून बघा, वास येतो पण बघा. टोकात जेलीसारखा पांढरा थर असला तर फिरवणं कमी पडलं, बलक पोटाबाहेर लोंबत असला तर आधी थर्मामीटर तपासा, बहुतेक वेळा उष्णता जास्त झालेली असते. आणि कवचाच्या आतल्या बाजूला पांढरट चुन्यासारखं काही दिसलं तर घाबरू नका, प्रोटीन वापरून उरलेलं ते युरिक अॅसिड, प्रत्येक पिल्लू मागे ठेवतंच.