मनगटावर गोदाकाठ हवा असेल तर

शहराच्या नकाशाची तबकडी असलेलं घड्याळ कारागिराकडून करून घेताना बहुतेकांची एकच चूक होते: अख्खं नाशिक मागतात. साधं गणित करा. तबकडी 32 मिमीची आणि त्यात 16 किमीचं शहर बसवलं, तर 1 मिमी म्हणजे 500 मीटर. जुन्या नाशकातली गल्ली केसाएवढीही उरत नाही, नुसतं जाळं दिसतं. त्याऐवजी रामकुंडाभोवतीचा दीडेक किलोमीटरचा तुकडा घ्या. तिथे गोदावरी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे 12 वर उत्तर ठेवली की नदी वरून खाली उतरते. उजवीकडे पंचवटी, डावीकडे जुनं नाशिक. पाहताक्षणी ओळखू येतं.

मात्र रामकुंड बरोब्बर मध्यावर नको! तिथे काट्यांचं भोक येतं. तारखेची खिडकी 3 वर असते, ती नेमकी पंचवटी खाते. बिनतारखेचं यंत्र मागा.

काम सुरू होण्याआधी नकाशा खऱ्या मापात कागदावर छापून घ्या आणि हातभर अंतरावरून पाहा. मोबाइलवर मोठा करून पाहिलेला नकाशा हमखास फसवतो. नदीवर मीनाकाम सुंदर दिसतं, पण काचेची पूड सुमारे 800 अंशांना भाजताना तडकू शकते, म्हणून ते महाग. रस्ते कोरीव, नदी रंगवलेली, एवढं मला पुरेसं वाटतं. काटे मात्र गडद आणि सपाट, नाहीतर वेळच दिसायची नाही.

आणि घड्याळाच्या मागे 3 एटीएम (पाण्याचा दाब किती सोसेल त्याचं माप) लिहिलं असेल तर ते घालून रामकुंडात डुबकी मारू नका. ते फक्त शिंतोड्यांपुरतं असतं.