खान्देशात सस्टेनेबल व्हेज जेवायला जाताय? मेनू कार्ड बाजूला ठेवा, हे विचारा

आधी सीझन बघा. भरताची ती मोठी हिरवी वांगी थंडीतलीच, दिवाळीनंतर साधारण फेब्रुवारीपर्यंत. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय म्हणून ते मे महिन्यातही तसंच लागेल असं नसतं. उन्हाळ्यात फुनके-कढी, डुबुकवडे, पातोड्यांची भाजी घ्या, डाळ आणि बेसन वर्षभर घरात असतं.

घरून रिकामा डबा आणि पाण्याची बाटली घ्या.

आता खरं अवघड काम, हॉटेलवाल्याला विचारायचं कसं. मलाही हे जमायला वेळ लागला, कारण आपण विचारलं की त्याला तपासणी आल्यासारखं वाटतं. इंटरनेटवर सल्ला असतो की बोर्डवरचं हिरवं पान बघा, बांबूचा स्ट्रॉ बघा, ‘ऑरगॅनिक आहे का’ विचारा. हे सगळं सोडून द्या. ऑरगॅनिक आहे का म्हटलं की प्रत्येकजण हो म्हणतो, आणि ‘जैविक भारत’ हा ऑरगॅनिक मालाचा सरकारी शिक्का पॅकबंद मालावर असतो, ताटातल्या भाजीवर तो कुठे बघणार?

त्यापेक्षा गर्दी व्हायच्या आत जा आणि खाणाऱ्यासारखं विचारा, ‘भाऊ, आज ताजं काय आलंय?’ जो लगेच सांगतो की वांगी बामणोदची आहेत, मेथी संपली, आज पातोडी घ्या, तिथे बिनधास्त बसा. ‘सगळं मिळेल’ म्हणणाऱ्याकडे बाराही महिने तेच पनीर आणि तेच फ्रोजन मटार असतात, मी तरी तिथे बसत नाही. वेटर पोराला कोड्यात पाडू नका, भाकरी थापणाऱ्या मावशींना विचारा की भाकरी कळण्याची (ज्वारी-उडदाची) आहे का दादरची (रब्बी ज्वारीची), आणि दादर कुठून आणता. ज्यांच्या हातात पीठ आहे त्यांना सगळं माहीत असतं, आणि कौतुकाने विचारलं तर त्या भरभरून सांगतात.

मग विचारा भरीत कशावर भाजता. आपल्याकडे कपाशीच्या काड्यांवर, तुराट्यांवर भाजायची पद्धत आहे, पीक निघाल्यावर शेतात उरणारं जळण ते, आणि वांग्याला धुराचा वास लागतो तो वेगळाच. पण ‘चुलीवरचं’ अशी मोठी पाटी लावून मागे झाडाचे ओंडके जळत असतील तर त्यात पर्यावरणाचं काय भलं झालं? चूल दिसली की लोक खुश होतात, चुलीत काय जळतंय ते कोणी बघत नाही. मागच्या दारी एक नजर टाकून याच, माझा सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीचा आहे.

तिसरा प्रश्न तळणाच्या तेलाचा, कारण शेवभाजीची तर्री, भजी, पुऱ्या सगळं तेलावर उभं आहे. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात खराब घटक वाढत जातात, त्यांना टोटल पोलर कंपाउंड्स म्हणतात; ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल कायद्याने वापरता येत नाही. उरलेलं तेल बायोडिझेलवाल्यांना देतो असं कोणी सांगितलं तर आनंदाने जेवा. उत्तर टाळलं तर तळलेलं काही मागवू नका, साधं वरण, भाकरी, ठेचा घ्या.

ऑर्डर सोपी, दोघांत एक भाजी आणि भाकरी एकेक करून गरम. शेवभाजीत शेव वेगळी वाटीत मागा आणि जेवताना घाला, आधीच घातली की ती फुगून मऊ पडते आणि मग अर्धी भाजी टाकून द्यावी लागते. वेगळी असली तर उरलेली शेव कोरडी घरी नेता येते.

पान आलं की हाताने चाचपून बघा. केळीच्या बागांच्या जिल्ह्यात केळीच्या पानाचं चित्र छापलेली, वरून प्लास्टिकचा थर दिलेली कागदी प्लेट समोर आली तर सरळ परत करा आणि स्टीलचं ताट मागा, बहुतेक ठिकाणी आत ठेवलेलं असतंच.