लाइन दोन, तरी फोन बंद : या चुका टाळा

रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्याचा फोन भर हंगामात अर्धा तास बंद राहिला, तर बाहेरगावचं गिऱ्हाईक थांबत नाही, पुढच्याला फोन लावतं. म्हणून इंटरनेटवरचे फोन घेताना बरेच जण दोन कनेक्शनं घेतात. तरीही एक लाइन गेली की फोन बंद पडतो. इंटरनेट दुसऱ्या लाइनवर जातं, पण फोन तिथे जाईल याची व्यवस्था कोणी केलेली नसते.

कंपन्या दोन, खांब एकच

ऑफिसबाहेर येऊन वर बघा. बऱ्याचदा दोन्ही केबल एकाच खांबावरून, एकत्र बांधून आलेल्या दिसतात. सुरत-नागपूर महामार्गालगत किंवा गावात पाइपलाइनसाठी जेसीबी चालला की दोन्ही एकदम तुटतात. दुसरी केबल वेगळ्या रस्त्याने मिळत नसेल तर सिमचा राउटर घ्या. आवाजाला बँडविड्थ फार लागत नाही. जी.७११ या कोडेकवर (आवाजाचं डेटात रूपांतर करायची पद्धत) एका कॉलला जाताना सुमारे ९० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), येताना तेवढेच. जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र आधी रेंज बघा, बाहेर अँटेना लावावा लागेल.

राउटर भलतंच तपासतो

केबल चौकात तुटली तरी ऑफिसातला फायबरचा मोडेम चालूच असतो. राउटरला आपली वायर जोडलेली दिसते, आणि तो दुसऱ्या लाइनवर जातच नाही. बाहेरचे दोन पत्ते, उदाहरणार्थ ८.८.८.८ आणि १.१.१.१, राउटरला दर पाच सेकंदांनी पिंग करायला, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारायला लावा. दोन्हीकडून लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही, तर लाइन गेली असं धरा. पहिली लाइन परत आली की लगेच तिच्यावर उडी नको. पाचेक मिनिटं ती टिकते का बघा, नाहीतर तिच्या प्रत्येक झटक्याला चालू कॉल तुटतील.

बाहेर फोन लागतो, आत येत नाही

ही खूण लक्षात ठेवा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. लाइन बदलली की आपला पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता बदलतो, पण फोन कंपनीच्या सर्व्हरकडे जुनाच पत्ता असतो आणि येणारे कॉल तिकडे जाऊन हरवतात. फोन आपला पत्ता सर्व्हरला ठरावीक वेळाने कळवतो, ती नोंदणी. अनेक फोनमध्ये तिची मुदत ३६०० सेकंद ठेवलेली असते, म्हणजे तासभरही पत्ता लागणार नाही! ती ६० ते १२० सेकंदांवर आणा. कंपनी किती कमी चालू देते ते आधी विचारा.

एवढं करूनही जमलं नाही तर राउटरचं कनेक्शन टेबल, म्हणजे चालू जोडण्यांची यादी बघा. फोन अधूनमधून कीप-अलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा छोटा संदेश) पाठवतो, त्यामुळे जुन्या लाइनची नोंद जिवंत राहते आणि पॅकेट जुन्याच पत्त्याने निघत राहतात. लाइन बदलताच त्या नोंदी पुसल्या जातील असं सेटिंग हवं.

तुमचा एसआयपी ट्रंक (फोन कंपनीची इंटरनेटवरून येणारी फोन लाइन) फिक्स आयपीवर, म्हणजे एकाच न बदलणाऱ्या पत्त्यावर बांधलेला असेल, तर सिमवरून तो चालणारच नाही. युजरनेम-पासवर्डची नोंदणी मागून घ्या.

दोन्ही लाइन एकदम वापरणं

लोड बॅलन्सिंगमध्ये, म्हणजे काम दोन्ही लाइनवर वाटताना, नोंदणी एका लाइनवरून आणि आवाज दुसरीवरून गेला की एका बाजूला ऐकूच येत नाही. फोनना एकच लाइन बांधून द्या, दुसरी राखीव ठेवा. राउटरमधलं एसआयपी एएलजी (फोनच्या पॅकेटमधले पत्ते बदलणारं सेटिंग) बंद करा.

विजेचं काय?

यूपीएस राउटरला लावतात, पण मोडेम आणि नेटवर्कच्या केबलमधूनच फोनना वीज देणारा पीओई स्विच थेट भिंतीच्या प्लगला. इन्व्हर्टरने सूत्रं घेईपर्यंतच्या क्षणात मोडेम रीस्टार्ट होतो आणि दोन-तीन मिनिटं जातात. मोडेम-राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा आणि स्विच ऑनलाइन यूपीएसवर (वीज गेली तरी क्षणभरही खंड न पाडणारा) घ्या. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हे सामान पत्र्याखालच्या बंद पेटीत कोंडू नका.

मोडेम बंद करून केलेली चाचणी

ती खरी चाचणी नव्हे. मोडेम चालू ठेवून मागची फायबर पिन काढा आणि बाहेरच्या मोबाइलवरून ऑफिसला फोन लावा. चालू असलेला कॉल बहुधा तुटेल, ते धरूनच चला. पण मिनिटा-दोन मिनिटांत नवा कॉल वाजला पाहिजे. मग पिन लावून परतीचाही प्रवास तपासा. पावसाळी वादळं सुरू होण्याआधी हे एकदा कराच.

आणि फोन कंपनीच्या पॅनेलमध्ये ‘नोंदणी नसल्यास कॉल वळवा’ असं सेटिंग असतं. तिथे दुकानात हजर असणाऱ्या माणसाचा मोबाइल नंबर आजच टाका, मालकाचा नको. मालक शेतात किंवा लिलावात असतो.